पॅरिसमध्ये घराजवळच्या ब्रासरीत जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं, उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आईवडील आणि चार दिवसांसाठी आलेले प्रवासी ब्रासरीबद्दल मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या हॉटेलांसाठी ही माहिती नाही. मेट्रोच्या तोंडाशी, कनातीखाली वेताच्या खुर्च्या मांडलेली, आत पितळी कठडे आणि मोठे आरसे असलेली जी वस्तीतली जागा असते, तिच्यासाठी आहे. या जागेवर माझं मनापासून प्रेम आहे. रीतभात माहीत नाही म्हणून आपली माणसं बाहेरूनच मेनू वाचून पुढे निघून जातात, याचं मला वाईट वाटतं.

ब्रासरी म्हणजे नेमकं काय? रेस्तराँ आणि कॅफेपेक्षा वेगळं काय असतं?

जेवणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक वेळेचा. फ्रान्समधल्या बहुतेक रेस्तराँचं स्वयंपाकघर दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी सात-साडेसात ते साडेदहा एवढंच चालू असतं. चार वाजता भूक लागली तर दार बंद. खरी ब्रासरी दुपारपासून रात्रीपर्यंत न थांबता गरम जेवण देते. दारावर किंवा मेनूवर ‘सर्व्हिस कोंतिन्यू’ लिहिलेलं असेल तर निश्चिंत आत जावं. पाटीवर नुसतं ‘ब्रासरी’ लिहिलेलं असून तीन वाजता स्वयंपाकघर बंद करणाऱ्या जागाही हल्ली पुष्कळ झाल्या आहेत, तेव्हा आडवेळी गेलात तर आधी विचारा. कॅफेत मुख्यतः पेयं मिळतात, सोबत सँडविच किंवा एखादा गरम पदार्थ.

ब्रासरीचा जन्म बिअरमधून झाला. पूर्व फ्रान्समधल्या अल्झास प्रांतातले लोक पॅरिसला आले आणि त्यांनी स्वतःची बिअर आणि तिच्यासोबतचं खाणं विकायला सुरुवात केली. बास्तीय चौकाजवळची ‘बोफँजे’ १८६४ सालची. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्झास जर्मनीकडे गेला आणि तिथून येणाऱ्यांचा ओघ वाढला. ल्योनार लिप यांनी साँ-जेर्मां रस्त्यावर आपली ब्रासरी उघडली ती १८८० मध्ये. आंबवलेली कोबी, बटाटे आणि डुकराच्या मांसाचे तऱ्हेतऱ्हेचे तुकडे घातलेली ‘शुक्रूत’ आजही कित्येक मेनूंवर आहे, ती या मंडळींमुळे.

पुढे या धंद्यात ओव्हेर्न्य आणि आव्हेरों या मध्य-दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातली माणसं उतरली. आधी ती पॅरिसमध्ये कोळसा, लाकूड आणि पाणी घरोघर पोचवत. मग कोळशाच्या दुकानातच एका बाजूला वाइन विकू लागली आणि हळूहळू त्यांचे कॅफे झाले. १९२० मध्ये ‘लिप’ विकत घेणारे मार्सेलँ काझ आव्हेरोंचेच. मुंबईत उडुपीकडच्या माणसांनी गल्लोगल्ली हॉटेलं उभी केली, तसंच हे. आजही मेनूवर ओव्हेर्न्य-आव्हेरोंकडच्या कांतालचं चीज किंवा ओब्राकचं मांस दिसलं तर मालकाचं गाव कुठलं असेल याचा अंदाज येतो.

चांगली ब्रासरी बाहेरून कशी ओळखायची?

दरपत्रक बाहेर लावणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पाच मिनिटं उभं राहून ते वाचण्यात काही संकोच नको. मी आधी पाटी बघते. खडूने हाताने लिहिलेली, आज एक आणि उद्या दुसरं सांगणारी छोटी पाटी असेल तर आत कुणीतरी खरंच रांधतंय. पदार्थांचे रंगीत फोटो, सहा भाषांतले मेनू आणि दारात उभं राहून बोलावणारा माणूस दिसला तर पुढे चालू लागा.

मेनू किती लांब आहे तेही बघा. लहानशा स्वयंपाकघरातून साठ पदार्थ रोज ताजे निघू शकत नाहीत. असे कित्येक पदार्थ कारखान्यातून पिशवीबंद येतात आणि इथे फक्त गरम होतात. यासाठी २०१४ पासून एक चिन्ह वापरात आहे: पातेलं, आणि त्यावर झाकणाऐवजी घराचं छप्पर. खाली ‘फे मेझों’ लिहिलेलं असतं. ज्या पदार्थापुढे हे चिन्ह आहे, तो तिथेच कच्च्या मालापासून बनवलेला असला पाहिजे. चिन्ह नाही म्हणजे जेवण वाईट, असं नाही. पण असेल तर भरवसा वाटतो.

दुपारी पाऊण-एकच्या सुमाराला आत कोण बसलंय, हीसुद्धा चांगली खूण. रंगाऱ्याचे कपडे घातलेला माणूस, जवळच्या ऑफिसातला घोळका आणि एकटीच जेवणारी एखादी आजी एकाच खोलीत दिसली, तर मी दुसरं काही तपासत नाही.

अंडं खात असाल तर ‘उफ मायो’ मागवून बघा. उकडलेलं अंडं आणि त्यावर मोहरी घातलेलं मेयोनेज, एवढंच. पिवळा बलक नुकता घट्ट होऊ लागलेला हवा, कडेला हिरवट झालेला नको आणि मेयोनेज बाटलीतलं नको. फ्रेंच लोक याबाबत इतके गंभीर आहेत की या पदार्थाच्या रक्षणासाठी त्यांची एक संस्था आहे आणि त्याच्या स्पर्धाही भरतात. एवढं साधं अंडं ज्यांना नीट जमतं, त्यांचं बाकीचं जेवण सहसा निराश करत नाही.

किती वाजता जावं? टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का?

दुपारी साडेबाराच्या आधी किंवा पावणेदोननंतर. मधल्या तासात ऑफिसवाल्यांची गर्दी असते आणि वेटरला तुमच्याशी बोलायला सवड नसते. रात्री आठ ही नेहमीची वेळ. आपल्याकडचे आईवडील साडेसहाला जेवणारे असतील तर ब्रासरीच बरी, रेस्तराँ तेव्हा उघडलेलंही नसतं. शुक्रवार-शनिवारची रात्र किंवा सहाहून जास्त माणसं असतील तर आदल्या दिवशी फोन करा. एरवी गरज नाही. ऑगस्टमध्ये मात्र वस्तीतल्या कित्येक जागा दोन-तीन आठवडे बंद असतात.

आत शिरल्यावर नेमकं काय करायचं?

आधी ‘बोंजूर’, संध्याकाळी ‘बोंस्वार’. हे इतकं महत्त्वाचं आहे की बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फ्रान्समध्ये नमस्कार न करता थेट मागणी करणं हा उद्धटपणा समजला जातो. वेटर तुसडे असतात ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा न म्हटलेलं बोंजूर असतं. मग किती माणसं ते बोटांनी दाखवलं तरी चालतं. जेवायचं असेल तर आपणहून टेबल धरू नका, वेटर दाखवेल तिथे बसा. काटेचमचे मांडलेली किंवा कागद अंथरलेली टेबलं जेवणाऱ्यांची, उघडी टेबलं नुसतं काही पिणाऱ्यांची. कॉफीसाठी बाहेरच्या टेरासवर, म्हणजे फुटपाथवर मांडलेल्या टेबलांवर, मात्र खुशाल हवं तिथे बसा.

टेरासवर लोक सिगारेट ओढतात, हे आधीच सांगून ठेवते. २००८ पासून कॅफे-रेस्तराँच्या आत धूम्रपान बंद आहे, पण उघड्या टेरासवर चालतं. दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर आतच बसा. २०२२ पासून टेरासवर हीटर लावायलाही बंदी आहे, त्यामुळे हिवाळ्यात बाहेर बसायचं तर कोट अंगावरच ठेवावा लागतो.

वेटरला हाक मारताना ‘मसिए’ किंवा ‘मादाम’, आणि पुढे ‘सिल व्हू प्ले’, म्हणजे कृपया. जुन्या सिनेमांतलं ‘गार्सों’ आता कुणी म्हणत नाही. चुटकी वाजवणं, टाळी वाजवणं अजिबात नको. नजरेला नजर मिळाली की हात किंचित वर करा. एक वेटर वीस-पंचवीस माणसं सांभाळत असतो, तो येतोच.

मेनू मागितला तर वेटर गोंधळतो. का?

कारण तिथे ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण. सगळे पदार्थ लिहिलेला कागद हवा असेल तर ‘ला कार्त’ म्हणा. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, ‘प्ला’ म्हणजे मुख्य जेवण, ‘देसेर’ म्हणजे गोड. दुपारी यातले दोन किंवा तीन मिळून स्वस्तात देतात, त्याला ‘फॉर्म्युल’ म्हणतात. पॅरिसच्या साध्या वस्तीत दोन पदार्थांची फॉर्म्युल साधारण १८ ते २५ युरोंना पडते. ‘प्ला द्यू जूर’, म्हणजे त्या दिवशीचा पदार्थ, त्याहून थोडा स्वस्त. दर ठिकाणाप्रमाणे बदलतात, पण दुपारचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त हे सगळीकडे खरं.

फक्त एक पदार्थ मागवला तर चालतं का? आणि वाटून खाल्लं तर?

एकच प्ला घेऊन उठणारे रोजचे गिऱ्हाईक भरपूर असतात, त्यात कमीपणा नाही. वाटून खाण्याची गोष्ट वेगळी. चौघांनी दोन ताटल्या मागवून मध्ये ठेवायची आपली पद्धत इथे चालत नाही. जेवणाच्या वेळी टेबल अडवलंय तर प्रत्येकाने निदान एक पदार्थ घ्यावा अशी अपेक्षा असते. आंत्रे आणि गोड मात्र खुशाल वाटून घ्या, दोन चमचे मागितले की हसून आणून देतात. चीज किंवा मांसाच्या पातळ चकत्या लाकडी फळीवर मांडून देतात, त्या ‘प्लांश’ वाटून खाण्यासाठीच असतात.

आम्ही शाकाहारी आहोत. ब्रासरीत आमच्यासाठी काही असतं का?

असतं, पण विचारून घ्यावं लागतं. हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

पारंपरिक ब्रासरीचं जेवण मांसाभोवती रचलेलं आहे, हे मान्य करूनच जावं. तरीही पोटभर आणि चवीचं जेवण जमतं. गरम केलेलं बकरीच्या दुधाचं चीज पावाच्या चकत्यांवर ठेवून दिलेलं सॅलड, ‘सालाद द शेव्र शो’, जवळजवळ सगळीकडे मिळतं. शिजवलेल्या लीकवर (कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी) मोहरीचं आंबटसर ड्रेसिंग घातलेलं ‘प्वारो व्हिनेग्रेत’ हा माझा आवडता आंत्रे. अंडं चालत असेल तर मशरूमचं किंवा चीजचं ऑम्लेट, शेजारी हिरवं सॅलड आणि बटाट्याचे ‘फ्रीत’, हे उत्तम दुपारचं जेवण. क्रीममध्ये भाजलेल्या बटाट्यांचं ‘ग्रातँ दोफिन्वा’ मांसासोबतचा साथीदार म्हणून मेनूवर असतं, पण वेगळं मागितलं तर देतात. पाटीवर आता शाकाहारी प्लाही अधूनमधून दिसू लागला आहे.

आता सावध कुठे राहायचं ते. सॅलड म्हणजे शाकाहारी, असं समजू नका. ‘लार्दों’ नावाचे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सॅलडमध्ये, मसुरात, भाजीत, कुठेही असू शकतात. कांद्याचं प्रसिद्ध सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा रस्सा बहुधा हाडं उकळून केलेला असतो. ते विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्रीत बहुतेक ठिकाणी तेलात तळतात, पण काही ठिकाणी, विशेषतः उत्तर फ्रान्समध्ये, गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे. काँते, रोकफोर यांसारखी पारंपरिक चीजं वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ती टाळावीत. चॉकलेट मूसमध्ये कच्चं अंडं असतं, ‘ईल फ्लोतांत’ तर सगळं अंड्याचंच.

सांगण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘सां व्यांद’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हटलं तर कोंबडी, हॅम किंवा मासा येऊ शकतो, कारण बोलण्यात ‘व्यांद’ म्हटल्यावर कित्येकांच्या डोळ्यांपुढे लाल मांसच येतं. म्हणून पूर्ण यादी सांगा: ‘सां व्यांद, सां प्वासों, सां जांबों, सां लार्दों’, आणि अंडं नको असेल तर ‘सां उफ’. मागणी देतानाच सांगा. ताटली समोर आल्यावर सांगितलं तर लार्दों वेचून तीच ताटली परत येण्याची शक्यता असते.

जैन मंडळींसाठी स्पष्टच सांगते: ब्रासरीत तुमचं पूर्ण जेवण जमणं कठीण आहे. कांदा, लसूण किंवा त्याच कुळातला शालोट जवळजवळ प्रत्येक ड्रेसिंगमध्ये आणि सॉसमध्ये असतो. घरून जेवून या आणि इथे कॉफी घेऊन बसा. त्या बसण्यातही मोठा आनंद आहे.

गोमांस किंवा डुकराचं मांस खात नाही. मेनू कसा वाचायचा?

‘बफ’ म्हणजे गोमांस आणि ‘व्हो’ म्हणजे वासराचं मांस, हे लगेच लक्षात राहतं. अडचण अशी की पुष्कळ पदार्थांच्या नावात हे शब्द येतच नाहीत. आंत्रकोत, बावेत, ऑंग्ले, फो-फिले हे सगळे गोमांसाचेच तुकडे. पो-तो-फ हे गोमांसाचं उकडलेलं जेवण, ब्लांकेत बहुधा वासराचं, बर्गर न विचारता गोमांसाचा. तार्तार म्हणजे बारीक चिरलेलं कच्चं गोमांस, आणि ते कच्चंच येतं. मुलांच्या मेनूतला ‘स्तेक आशे’ हाही गोमांसाचा. घाईत तो मागवला जातो, म्हणून विशेष लक्ष ठेवा.

जांबों, लार्दों, सोसिस ही नावं डुकराच्या मांसाची समजा. आंदुयेत ही आतड्यांची सॉसेज, तिचा वास फार उग्र असतो. आवडणाऱ्यांना जीव की प्राण, पण पहिल्या भेटीत मागवू नका.

मग राहतं काय? पुष्कळ. भाजलेली कोंबडी म्हणजे ‘पुले रोती’. बदकाची तंगडी तिच्याच चरबीत मंद शिजवून वरून कुरकुरीत केलेली ‘कॉन्फी द कानार’. मटण आवडणाऱ्यांसाठी कोकराची मांडी, ‘जिगो’. मासे तर आहेतच. मांस कुठल्या देशातलं, हे कळवणंही बंधनकारक आहे: गोमांसासाठी २००२ पासून, आणि डुक्कर, मेंढी, कोंबडी यांच्यासाठी २०२२ पासून.

स्टेक किती शिजवायचं ते कसं सांगायचं?

‘ब्ल’ जवळजवळ कच्चं, ‘सेन्याँ’ आतून लाल, ‘आ प्वँ’ मधलं, ‘बियाँ क्वी’ पूर्ण शिजलेलं. फ्रेंच माप आपल्या कल्पनेपेक्षा एक पायरी कच्चं असतं. लाल रस अजिबात चालत नसेल तर स्टेक घेऊच नका, वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं ‘बफ बुर्गिन्यों’ घ्या.

कोकण-गोव्याकडची माणसं आली की विचारतात: कालवं आणि शिनाणे मिळतात ना?

मिळतात, आणि आपल्याकडच्या माणसांनी ब्रासरीत जर काही खावंच असेल तर ते हेच. थंडीत कित्येक ब्रासरींच्या दाराबाहेर बर्फावर कालवं मांडलेली असतात आणि ती उघडून देणारा खास माणूस उभा असतो, त्याला ‘एकाये’ म्हणतात. आपल्याकडे कालवांचं सुकं किंवा आमटी करतात. इथे ती जिवंत, कच्ची, लिंबू पिळून किंवा शालोट घातलेल्या व्हिनेगरबरोबर खातात. सोबत राईचा पाव आणि लोणी. एरवी ब्रासरीत पावाबरोबर लोणी देत नाहीत, कालवांबरोबर देतात.

आकड्यांकडे नीट बघा. शून्य ते पाच असे क्रमांक असतात आणि आकडा जितका मोठा तितकं कालव लहान. पहिल्यांदा खाणाऱ्याने तीन किंवा चार क्रमांकाची सहा मागवावीत. वास स्वच्छ समुद्राचा यायला हवा. जरा शंका आली तरी ते बाजूला ठेवा आणि वेटरला सांगा. गरोदर बायका, लहान मुलं आणि पोटाच्या तक्रारी असलेले ज्येष्ठ यांनी कच्ची कालवं खाऊ नयेत.

त्यांच्यासाठी ‘मूल मारिन्येर’ आहेत: शिनाणे पांढऱ्या वाइनमध्ये शालोट आणि पार्सली घालून वाफवलेले, भांडंभर, सोबत फ्रीत. पहिल्या शिनाण्याचं रिकामं शिंपलं चिमट्यासारखं धरून बाकीचे उचलायचे. खाली उरलेला रस्सा पावाने टिपून खायचा. ते इथे वाईट दिसत नाही, सगळेच करतात.

पाण्याचे पैसे पडतात का? आणि पावाचे?

नाही. १९६७ च्या सरकारी आदेशानुसार जेवणाच्या किमतीत साधं पाणी, पाव, मीठ-मिरी, ताटल्या आणि रुमाल धरलेले असतात. ‘ओ’ म्हणून पाणी मागितलं तर बाटली येईल आणि बिलात पाच-सहा युरो लागतील. म्हणून ‘यून काराफ दो’, म्हणजे साध्या पाण्याची सुरई, असं म्हणा. इथलं नळाचं पाणी पिण्यासाठी सुरक्षित आहे. मोफत पाणी मिळतं हे दिसेल असं लिहिणं २०२२ पासून बंधनकारक झालं आहे. पावाची टोपली संपली तर पुन्हा मागा, त्याचे पैसे नाहीत. पाव ताटलीत न ठेवता थेट टेबलावर ठेवतात.

दारू घेतलीच पाहिजे का?

अजिबात नाही. काराफवर जेवणारे कितीतरी असतात. घ्यायची असेल तर बाटलीपेक्षा ‘पिशे’, म्हणजे वाइनचा छोटा जग, बरा, २५ किंवा ५० सेंटीलिटरचा. बिअरचा ‘दमी’ म्हणजे २५ सेंटीलिटर, अर्धा लिटर नव्हे. कालवांबरोबर मुस्कादे, शुक्रूतबरोबर अल्झासची रीसलिंग, दोन्ही पांढऱ्या वाइन. मुलांसाठी पुदिन्याचं सरबत लेमोनेडमध्ये घातलेलं हिरवंगार ‘द्याबोलो मांत’ मागवा.

जेवण सपक लागलं तर?

मोहरी मागा, ‘द ला मूतार्द’. दिजोंच्या पद्धतीची ही मोहरी नाकात जाते आणि फुकट मिळते. हिरवी मिरची मागू नका, नसतेच.

वेटर बिलच आणत नाही. आमच्याकडे दुर्लक्ष होतंय का?

उलट आहे, आणि मला ब्रासरी का आवडते ते नेमकं इथे आहे. तुम्ही मागेपर्यंत बिल आणणं म्हणजे तुम्हाला उठवणं, असं इथे समजतात. एकदा जेवायला बसलात की टेबल तुमचं. जेवण संपून अर्धा तास झाला, कॉफीचा कप रिकामा झाला, तरी कुणी येऊन पुसत नाही की अजून काही हवंय का. तुम्ही पुस्तक वाचा, बाहेरची माणसं बघा, भांडण मिटवा. फार गर्दीच्या जागी रात्री दोन पाळ्यांत बसवतात, तेव्हा किती वाजेपर्यंत टेबल आहे ते आधीच सांगतात.

एकटं जेवायला जाणाऱ्या मुलींनी आणि ज्येष्ठांनी हे जरूर अनुभवावं. एकट्या माणसाला कोपऱ्यात संडासाजवळ बसवण्याची वृत्ती चांगल्या ब्रासरीत दिसत नाही. भिंतीलगतच्या लांब लाल गादीच्या बाकावर, खोलीकडे तोंड करून, एकटी बाई शांतपणे तीन पदार्थांचं जेवण जेवते आणि कुणी वळून बघत नाही. परदेशात नव्याने आलेल्या, संध्याकाळी खोलीत एकटेपणाने कासावीस होणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सांगते: महिन्यातून एकदा पैसे बाजूला काढा आणि एकाच ब्रासरीत जात राहा. काही महिन्यांत वेटर तुम्हाला ओळखू लागतो, आणि परक्या शहरात कुणीतरी आपल्याला ओळखणं याची किंमत मोठी आहे.

निघायचं असलं की ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’. कार्डाचं यंत्र टेबलावरच आणतात.

टिप किती द्यायची?

द्यायलाच हवी असं नाही. मेनूवरच्या किमतीत सेवाशुल्क, साधारण १५ टक्के, धरलेलंच असतं. १९८७ पासून किमती त्यासकटच दाखवाव्या लागतात. करही आतच: जेवणावर १० टक्के, दारूवर २०. बिलावर ‘सर्व्हिस कोंप्री’ लिहिलेलं असतं ते हेच. सेवा आवडली तर लोक सुटे एक-दोन युरो ठेवतात, मोठ्या जेवणाला पाच ते दहा टक्के. पर्यटकांच्या भागात यंत्रावर टिपचे टक्के विचारणारा पडदा येतो. तिथे निःसंकोच शून्य दाबता येतं.

कॉफी जेवणाबरोबर मागवता येते का?

मागवता येते, पण ती गोडानंतर येते, तीच पद्धत. ‘कफे’ म्हणजे लहान कडक एस्प्रेसो, ‘नोझेत’ म्हणजे त्यात दुधाचा थेंब. ‘कफे गुर्मां’ मागवलात तर कॉफीसोबत तीन-चार छोटे गोड पदार्थ येतात. काय घ्यावं ठरत नसेल तर हेच घ्या. तीच कॉफी उभ्याने काउंटरवर घेतली तर टेबलापेक्षा बरीच स्वस्त पडते.

आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर?

मुलांचं स्वागत असतं, पण ती टेबलांमधून धावलेली चालत नाहीत. ज्येष्ठांसाठी खरी अडचण संडासाची. पॅरिसच्या जुन्या ब्रासरीत तो बहुतेक वेळा तळघरात असतो आणि खाली जाणारा गोल जिना अरुंद, उभा असतो. गुडघेदुखी असलेलं कुणी बरोबर असेल तर बसायच्या आधी विचारा: ‘ले त्वालेत, से ऑं बा?’ म्हणजे खाली आहे का. हो म्हणाले तर दुसरी जागा बघणं शहाणपणाचं.

उरलेलं घरी नेता येतं का?

हो. १ जुलै २०२१ पासून मागणाऱ्याला डबा देणं रेस्तराँवर बंधनकारक आहे. फ्रेंच लोक अजून मागायला लाजतात, तुम्ही लाजू नका.

विद्यार्थी आहोत, एवढे पैसे नाहीत. काही उपाय?

‘बुइयों’ला जा. एकोणिसाव्या शतकात कामगारांना स्वस्त, गरम जेवण देण्यासाठी या खानावळी निघाल्या. ‘बुइयों शार्तिए’ १८९६ पासून चालू आहे, ‘बुइयों पिगाल’ २०१७ मध्ये उघडली आणि तिच्यामुळे ही कल्पना पुन्हा जोरात आली. पदार्थ ब्रासरीचेच, किंमत कितीतरी कमी. रांग असते आणि फार वेळ बसू देत नाहीत, एवढाच फरक. नोकरी करणाऱ्यांना कंपनीकडून जेवणाचं कार्ड मिळत असेल तर ते बहुतेक ब्रासरींत चालतं, दारावर स्टिकर बघा.

लंडनहून रेल्वेने येणाऱ्या नातेवाइकांना पहिलं जेवण कुठे द्यावं?

गार द्यू नॉर स्टेशनासमोर रस्ता ओलांडला की ‘तेर्मिन्युस नॉर’ आहे. बॅगा घेऊन आत बसता येतं, कालवं मिळतात आणि आडवेळी गाडी आली तरी सोय होते. वस्तीतल्या ब्रासरीपेक्षा थोडी महाग आहे. तिघाचौघांच्या बॅगा असतील तर आधी फोन करून दाराजवळचं टेबल मागून ठेवा.